पाऊस, उसाचा सीझन आणि दारातली महागडी गाडी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात महागड्या गाड्यांबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हटलं आणि खानापूरपासून अथणीपर्यंत पत्रं आली. वाचताना एकच गोष्ट परत परत दिसली. साठ-सत्तर लाखाची गाडी घेतलेली असते, सर्व्हिसिंग वेळेवर होतं, खर्चाला कोणी मागं सरत नाही, पण गाडी कुठं उभी असते, तिच्यावर काय पडतंय, पाणी कुठून आत जातंय हे बघायला मालक स्वतः खाली वाकत नाही. माझं ठाम मत आहे की या गाड्यांना मालकाची नजर लागते आणि त्या चालत्या राहाव्या लागतात. आपला बेळगाव जिल्हा पण असा की पश्चिमेला चार महिने धो धो आणि पूर्वेला धूळ न् ऊन, त्यामुळं एकाला सांगितलेलं दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. काही उत्तरं त्यामुळं लांबलीत.

प्रश्न: अण्णा, आमच्याकडं जर्मन एसयूव्ही आहे, वर सगळी काच असलेलं सनरूफ. गेल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागायला लागलं, मग वास सुटला, मग सीटवर पांढरी बुरशी. गॅरेजवाला म्हणतोय सनरूफचं रबर गेलंय, पूर्ण बदलावं लागेल. खर्च लई सांगतोय. काय करू? (एक वाचक, खानापूर)

रबर बदलायची घाई करू नका. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवायला नसतंयच. थोडं पाणी आत येणार हे धरूनच ती गाडी बनवलेली असते, आत कौलारू घराला असते तशी एक पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक पाइप खांबांच्या आतून खाली उतरतात, पाणी चाकाजवळ नाहीतर दाराच्या खालच्या बाजूला बाहेर पडतं. आता तुमच्या खानापुरात गाडी झाडाखाली लावायची म्हटल्यावर पानं, फुलांचा चुरा, लाल माती सगळं त्या पन्हाळीत जाणार, पाइप तुंबणार, पन्हाळ भरली की पाणी छताच्या कापडामागून उतरून कार्पेटात. तुमचं लक्षण ऐकून मला नव्वद टक्के हेच वाटतंय.

घरीच बघा. गाडी सपाट जागेवर लावा, सनरूफ उघडा, छोट्या ग्लासात पाणी घेऊन पन्हाळीच्या कोपऱ्यातल्या भोकात हळूहळू सोडा आणि घरातल्या कोणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. धार पडली तर तो कोपरा मोकळा. असं सगळ्या कोपऱ्यांना करायचं. तुंबलेला सापडला तर त्यात तार खुपसू नका आणि कंप्रेसरची हवा पण जोरात मारू नका, कारण आत जोड असतोय, तो निसटला तर पाणी कायम आतच पडणार आणि दुरुस्तीला अख्खं छत उतरवावं लागणार. गवत कापायच्या मशीनला लावतात ती नायलॉनची दोरी घ्या, टोक गोल करा आणि बेतानं सारा. मे महिन्यात एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा, एवढं पुरे. समोरच्या काचेखाली वायपरच्या बुडाशी जी जाळी असते तिथली पानं पण काढत जा, तिथं पाणी साचलं की ते ब्लोअरच्या वाटेनं आत येतंय.

आता ओल्या कार्पेटचं. वरून हात लावून कोरडं लागलं म्हणून गप्प बसू नका. खाली जाड फोम असतोय, तो आठवडे आठवडे पाणी धरून ठेवतो, आणि या गाड्यांची वायरिंग, काही गाड्यांत तर कॉम्प्युटरचे डबे पण, कार्पेटखाली न् सीटखाली असतात. दोन महिन्यांनी डॅशबोर्डवर एखादा दिवा लागतो, मग दुसरा, आणि कोणाला कळत नाही का ते. कार्पेट उचलून फोम पूर्ण सुकवून घ्या, त्याला पैसे घालवले तर वाया जाणार नाहीत. बुरशीला लेदरचा सौम्य क्लीनर, मऊ कापड, सावलीत वाळवणं आणि मग कंडिशनर. खोबरेल लावू नका, आजकालच्या गाड्यांच्या लेदरवर रंगाचा थर असतो, तेल आत मुरत नाही, वर चिकट बसून धूळ ओढतं. आणि प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते देऊन टाका, ओल्या गाडीवर प्लास्टिक घातलं की ओल आत कोंडते. कापडी, हवा खेळणारं कव्हर, ते पण गाडी कोरडी असेल तरच.

प्रश्न: दर आठवड्याला चोर्ला घाटातून पणजीला जाणं-येणं असतंय. गाडी सेडान, खाली बसकी. जुलैमध्ये रस्त्यावर पाणी असलं तर किती पाण्यातून घालावी? आणि इंजिनात पाणी गेलं तर इन्शुरन्स मिळतोय काय? (व्यापारी, अनगोळ)

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर सेडान घालू नका, थांबा नाहीतर मागं फिरा. नक्की आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तो बघून ठेवा, आणि तो आकडा पण साचलेल्या, शांत पाण्याचा असतोय, वाहत्या पाण्यात तो धरायचा नाही. या गाड्या हवा पुढून, ग्रिलच्या आसपासून ओढतात. समोरून बस आली की तिची लाट तुमच्या बॉनेटवर येते आणि पाणी सरळ हवेच्या पाइपात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन गेलं.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टरला हात लावू नका. एकदा पण नाही. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी परत चालू करायचा प्रयत्न केला असं सर्व्हेअरला दिसलं तर वाद सुरू होतो. गाडी प्लॅटफॉर्मवाल्या टो गाडीवर चढवूनच न्या. चारी चाकांना ताकद जाणारी ऑटोमॅटिक गाडी दोन चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सचं काम निघतं.

घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर नको, स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर खाली आणा, इंजिनच गाडी धरतं. धुक्यात फुल लाइट लावली की समोर पांढरी भिंत दिसते, डीपर आणि फॉग लॅम्पच बरे. काच आतून धुरकट झाली की एसी चालू करून हवा काचेवर सोडा, एसी हवेतला ओलावा काढतो. आणि चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून जाणारे लई दिसतात, ते करू नका, मागच्याला तुम्ही कुठं वळणार ते कळत नाही.

प्रश्न: गाडी पांढरी, फॅक्टरी उद्यमबागेत. दोन वर्षांत सगळ्या बॉडीवर बारीक नारिंगी ठिपके आलेत, धुऊन जात नाहीत. एक जण म्हणतो पत्रा गंजलाय, दुसरा म्हणतो पॉलिश करा, तिसरा सिरॅमिक कोटिंग मारा म्हणतो. खरं कोणाचं? (फाउंड्रीवाले, बेळगाव)

साहेब, पत्रा गंजलेला नाही. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या परिसरात लोखंडाचे अगदी बारीक कण हवेत असतात, ग्राइंडिंगचे तर गरमच असतात, ते गाडीच्या वरच्या पारदर्शक थरावर येऊन रुततात आणि मग पावसानं, दवानं ते कण गंजतात. ठिपका त्या कणाचा आहे. पांढऱ्या रंगावर दिसतो एवढंच, काळ्या गाडीवर पण असतो, हात फिरवला की खरखर लागते.

पॉलिश लगेच करायला दिलं तर तेच कण पॅडखाली सापडून सगळ्या रंगावर ओरखडे ओढणार. आधी गाडी नीट धुवायची, मग लोखंड काढायचं केमिकल मिळतं, आयर्न रिमूव्हर म्हणतात, ते सावलीत, थंड पत्र्यावर मारायचं. जिथं जिथं लोखंड असेल तिथं ते जांभळं होऊन ओघळतं, बघताना अंगावर काटा येतो इतकं निघतं. वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचं. वास उग्र असतो, मोकळ्या जागेत करा, हातमोजे घाला. त्यातनं राहिलेल्या कणांना क्ले बार, म्हणजे कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर साबणाच्या पाण्यासोबत, जोर न देता. मग गरज असली तर हलकं पॉलिश. आणि कोटिंग सगळ्यात शेवटी, कारण कोटिंगखाली घाण राहिली की ती तिथंच बंद झाली.

कोटिंगबद्दल एक सांगतो, कारण बाकी पण बऱ्याच जणांनी विचारलंय. सिरॅमिकनं पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, चकाकी राहते. दगडाचा उडालेला खडा ते अडवत नाही. हायवेवर ट्रकमागं रोज फिरणं असेल तर बॉनेट, बंपर आणि आरशांना पीपीएफ म्हणजे जाड पारदर्शक फिल्म लावा. तुमची गाडी फॅक्टरीच्या शेडमध्ये उभी असते, तुम्हाला मी कोटिंग म्हणीन, पण त्याआधी गाडी ग्राइंडिंगच्या बाजूची काढून दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावायला सुरुवात करा. ते फुकट आहे.

प्रश्न: उंदीर लई झालेत. वायरी दोनदा कुरतडल्या. आमच्याकडं तंबाखूला तोटा नाही, पानंच बॉनेटमध्ये ठेवली तर चालतील काय? (निपाणी)

वासानं थोडे दिवस उंदीर लांब राहतील, पण इंजिनच्या उष्णतेनं पान वाळलं की वास गेला. वाळलेलं पान टर्बोजवळ किंवा सायलेन्सरच्या पाइपजवळ सरकलं तर पेट घेऊ शकतं, आणि चुरा एसीच्या फिल्टरमध्ये जातो. मी ठेवणार नाही. सुगी झाली, शेतं मोकळी झाली की उंदीर घराकडं वळतात, तेव्हा गॅरेजमध्ये पेंड, धान्य, जुनी पोती असतील तर ती आधी हलवा. शटरखालची फट आणि भिंतीतली भोकं बारीक जाळीनं बंद करा. रात्री बॉनेट उघडं ठेवून एक दिवा लावून ठेवणारे लोक आहेत आणि त्याचा उपयोग होतो, उंदराला अंधार आणि ऊब लागते. रोज फिरणाऱ्या गाडीत सहसा घरटं होत नाही. दोनदा झालंय म्हणता, तर सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेट उघडून लेंड्या बघायची सवय लावा.

प्रश्न: उसाचा सीझन सुरू झाला की गाडीवर काळी राख पडते, ड्रायव्हर रोज फडक्यानं पुसतोय, तरी रंग उतरल्यासारखा दिसतोय. शिवाय डिसेंबरात रोज सकाळी टायरचा दिवा लागतो आणि दुपारी जातो. गाडी २०१५ ची पेट्रोल, ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल चालेल काय ते पण सांगा. (अथणी)

रंग फडक्यानंच गेलाय. कोरड्या धुळीवर फडकं मारणं म्हणजे रोज बारीक पॉलिश पेपर फिरवणं, ते आजपासून बंद करा. पाचट पेटवल्यावर पडणारी राख तर आणखी वाईट, ती दवानं भिजली की तिचं पाणी क्षारी होतं आणि उन्हात तापून रंगाच्या थरावर डाग धरतं. राख पडली की आधी नुसत्या पाण्याची धार, वरून खाली. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी, कापड आधी साध्या पाण्यात खळबळायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं. मायक्रोफायबर कापड, बनियनचं नको. तुमच्याकडं बोअरचं पाणी जड असणार, ते अंगावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, म्हणून उन्हात धुवू नका आणि धुतल्यावर लगेच टिपून घ्या. आंब्याला मोहोर आला की त्याखाली पण गाडी लावू नका, तुडतुड्यांचा चिकट रस पडतो.

टायरचं सोपं आहे. तापमान पाच-सहा डिग्रीनं उतरलं की टायरची हवा साधारण एक पीएसआयनं उतरते. तुम्ही दुपारी गरम टायरमध्ये हवा बरोबर भरता, पहाटे थंडीत ती कमी होते, दिवा लागतो. सकाळी, गाडी न चालवता, दाराच्या खांबावर लिहिलेला आकडा बघून भरा, दिवा जाईल. त्याच वेळी टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. २०१५ च्या गाडीला मूळचेच टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, बदला. नक्षीची कायद्यातली मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसात मी तीनच्या खाली चालवणार नाही.

ई२० बद्दल: पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये ई१० की ई२० लिहिलेलं असतं, २०१५ च्या गाडीत बहुतेक ई१० असेल. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळं ॲव्हरेज थोडं उतरणारच. जुन्या गाडीत रबरी पाइप, सील, फ्युएल पंप यांच्यावर लक्ष ठेवायचं, सर्व्हिसिंगला ते मुद्दाम बघायला सांगा, पेट्रोलचा वास आला तर थांबू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी-रिकामी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. आपल्याच भागातल्या उसापासून इथेनॉल बनतंय याचा मला आनंद आहे, त्या पैशावर इथली कितीतरी घरं चालतात, फक्त गाडीचं वय बघून काळजी घ्यावी लागते.

प्रश्न: मुलगा परदेशात, त्याची डिझेल गाडी दारात उभी. तो सांगतो म्हणून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं जागेवर चालू करून ठेवते. तरी बॅटरी दोनदा उतरली आणि आता कसलातरी फिल्टरचा दिवा लागलाय. (एक काकू, टिळकवाडी)

काकू, जागेवर चालू ठेवणं बंद करा, त्यानं दोन्ही गोष्टी बिघडतात. स्टार्ट करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं दहा मिनिटांत भरून येत नाही. आणि तो दिवा डीपीएफचा असणार, डिझेलची काजळी पकडणारा फिल्टर. ती काजळी जळायला इंजिन चांगलं तापून गाडी वेगात चालावी लागते, जागेवर आणि गावातल्या गावात ते होत नाही. घरातल्या किंवा ओळखीच्या कोणा नीट चालवणाऱ्याला सांगून पंधरा दिवसांतून एकदा हायवेनं संकेश्वरपर्यंत जाऊन या, एका लयीत, सारखं न थांबता. दिवा नुसता पिवळा असेल तर बहुतेक एवढ्यानंच जाईल, लाल झाला किंवा गाडी ओढेनाशी झाली तर वर्कशॉपच.

बॅटरीला मेंटेनर मिळतो, छोटा चार्जर, तो लावून ठेवता येतो. या गाड्यांत एजीएम नावाच्या प्रकारची बॅटरी असते, त्यासाठीचाच घ्या. चावी गाडीच्या जवळ, दारातल्या खुंटीवर अडकवत असाल तर लांब ठेवा, काही गाड्या चावी जवळ आली की जाग्या होतात आणि बॅटरी खातात. बॅटरी बदलायची वेळ आली तर बऱ्याच मॉडेलमध्ये नवीन बॅटरीची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते, ते झालं का विचारून घ्या. आणि धूर स्वच्छ करायला निळ्या झाकणात घालायचं द्रव, म्हणजे ॲडब्लू, डिझेलच्या टाकीत कोणी ओतलं तर गाडी चालू करू नका, वर्कशॉपला फोन करा. कॅन उन्हात पण ठेवू नका, उष्णतेनं ते खराब होतं. ब्रेक ऑइलची तारीख मुलाला बघायला सांगा, ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी बदलायचं.

प्रश्न: खंडेनवमीला पूजा कशी करावी म्हणजे गाडीला काही होणार नाही? (हिंडलगा)

पूजा जोरात करा. हार दोऱ्याचा बांधा, तारेचा नको, आणि संध्याकाळी काढून टाका, झेंडूचा रस पत्र्यावर वाळला की डाग पडतो. पुढच्या लोगोमागं काही मर्सिडीजमध्ये रडार असतो, कॅमेरे आणि सेन्सर पण तिथंच, त्यांच्यावर हळद-कुंकू नको, बॉनेटवर बोटभर पुरे. नारळ जमिनीवर फोडा. गणपतीत, शिवजयंतीत गुलाल पडला तर हातानं झटकू नका, पाण्याची धार मारा, आणि त्याआधी काचा वर करा, लेदरात गुलाल गेला की निघत नाही. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक बाहेर पडते ती एकदा जाऊन बघा. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आणि अजून स्वतःच्या चाकांवर चालत येणारी गाडी बघितली की जपायचं म्हणजे काय ते समजतं.

प्रश्न: दादा, मी शहापूरचा, नोकरीला लागून दोन वर्षं झाली. कोल्हापुरात १९९६ ची मर्सिडीज ई २२० विकायला आहे. घरचे वेडा म्हणतात. बघायला जाताना काय बघू?

वेडा अजिबात नाहीस. मर्सिडीजच्या भाषेत डब्ल्यू १२४ मॉडेल आहे ती, ब्रुनो साको मर्सिडीजच्या डिझाइनचे प्रमुख असताना बनलेली, १९८४ मध्ये जगापुढं आली, आणि १९९५ मध्ये पुण्यात बनायला लागली ती मर्सिडीजची भारतातली पहिली गाडी. तिला समोर एकच वायपर आहे, तो फिरताना बाहेर-आत सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. आजच्या गाड्या बघून आलेला माणूस या गाडीत बसतो तेव्हा स्क्रीन शोधतो. तू तसं करू नकोस. दार उघड, सोड आणि आवाज ऐक. दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी सगळीकडं सारख्या आहेत का बघ, एका बाजूला जास्त असेल तर ती गाडी कधीतरी ठोकलेली आहे.

मग पैशाचं बघ. त्या काळच्या काही मर्सिडीज इंजिनांच्या वायरिंगचं इन्सुलेशन उष्णतेनं ठिसूळ होऊन चुरा होतं, ई २२० चं इंजिन त्यातलंच. बॉनेट उघडून वायर बोटांनी हलकी वाकव, टणक होऊन तडकत असेल तर हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायचा खर्च धरूनच भाव सांग, आधी बदललेला असेल तर बिल माग. गंज बघायला खाली झोप, जॅक लावायच्या जागा, दाराखालच्या प्लास्टिक पट्ट्यांच्या मागं, मागच्या काचेच्या खाली. गाडी मधली काही वर्षं गोव्यात होती काय हे नक्की विचार, समुद्राच्या खाऱ्या हवेतली गाडी आणि घाटावरची गाडी यांच्या पत्र्यात लई फरक पडतो. इंजिन थंड असताना चालू करायला लाव, आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. एसी, चारी काचा, टेंपरेचरचा काटा सगळं चालवून बघ.

कागदं पण तितकीच महत्त्वाची. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ती झालेली आहे का बघ. एमएच ०९ ची गाडी बेळगावात कायम ठेवायची म्हणजे तिकडून एनओसी, इथं नोंदणी आणि कर्नाटकचा टॅक्स, कायद्यानं बारा महिन्यांच्या आत. हा हिशेब व्यवहाराआधी आरटीओत जाऊन विचारून ये.

पार्टची काळजी फार करू नकोस, या गाडीचे पार्ट अजून मिळतात आणि बारीकसारीक बुश, ब्रॅकेट लेथवर करून देणारे हात उद्यमबागेत आहेत. पण पहिल्या वर्षी गाडीच्या किमतीच्या वर थोडे पैसे बाजूला ठेव, सगळे रबरी पाइप, कूलंट, ब्रेक ऑइल, टायर एकदम नवीन कर, कूलंट मर्सिडीजला चालणारंच आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये, नळाचं नको. आणि जमलं तर व्यवहार जुलैपर्यंत लांबव. पाऊस पडत असताना चालवून बघ, तो वायपर कसा सरकतो ते बघ आणि परत आल्यावर डिकीतलं स्टेपनीवरचं मॅट उचलून खाली हात लाव, पाणी लागलं तर भाव तिथंच कमी होतो.